पुढची डोलकाठी नसलेलं गलबत

नेपरव्हिल
११ ऑक्टोबर, रविवार

ती. शोभनाताईंस,

गुडघे नाही म्हणत असतानाही गुरुनाथने वाकून केलेला नमस्कार. तुमचं ब्लडप्रेशर, डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू, विहिरीवरचा पंप आणि शेजाऱ्यांचा तो भुंकणारा कुत्रा, हे सगळं आटोक्यात असेल अशी आशा आहे. (फोनवर तुम्ही ज्या क्रमाने सांगता त्याच क्रमाने लिहिलंय. कुत्रा वर सरकला असेल तर क्षमस्व.) इकडे माझं ठीक चाललंय. शुगर ठीक, कान ठीक, झोप बरी. अनीश फ्रिस्कोहून दर बुधवारी व्हिडिओ कॉल करतो आणि मला फ्रिजचं दार उघडायला लावून आत काय आहे ते तपासतो. एकदा आरोहीने मागून, "आबा, इज दॅट ऑल यू हॅव?" असं विचारलं, तेव्हापासून मी बुधवारी सकाळीच बाजार करतो. भरलेला फ्रिज दिसला की पोरगा निवांत होतो. गुरुवारपासून मी पुन्हा भात आणि मेतकूट.

ताई, गेले तीन रविवार तुमचा फोन आला आणि मी उचलला नाही. घरात नव्हतो, अंघोळीला गेलो होतो, फोन बिघडला होता, असं काहीही लिहिता आलं असतं, पण तुम्ही तीस वर्षं मुलांच्या सबबी ऐकल्यात, तुमच्यापुढे माझी काय डाळ शिजणार. तीनही वेळा मी फोनच्या शेजारीच बसलो होतो. तुमच्याकडे सात वाजतात, तुम्ही देवापाशी दिवा लावता आणि मग आमच्याकडे साडेआठला हा फोन वाजतो. चहा गाळून ठेवलेला असतो. तुमचा प्रश्न मला पाठ आहे. "गुरुनाथराव, मृणालच्या अस्थी कधी आणताय?" चौदा महिन्यांत मी त्याला दिलेली उत्तरंही तुम्हाला पाठ असतील: थंडी, पासपोर्ट, गुडघा, विमानाचे भाव, गारांनी फुटलेलं छप्पर, पुन्हा थंडी. (छप्पर खरोखर फुटलं होतं. तेवढं एक खरं धरा.) खाडीत सोडायला म्हणून तिचा जो वाटा मी तुमच्यासाठी बाजूला काढला होता, त्याचं काय झालं हे ह्या पत्रात आहे. फोनवर ते माझ्याच्याने सांगवलं नसतं. पेपर तपासताना तुम्ही शेवटचं पान आधी बघायचात, असं मृणालिनी सांगायची. कृपा करून तसं करू नका, नाहीतर पहिली पानं तुम्ही वाचणारच नाही. आमच्या मंडळातला अमित सुट्टीला कणकवलीला येतोय, तो हे पत्र आणि सोबतचं छोटं पार्सल स्वतः विजयदुर्गला येऊन तुमच्या हातात देईल. त्याला चहा द्या, पण काही विचारू नका, त्याला काही माहीत नाही.

आता गलबत. त्याच्याशिवाय पुढचं काही कळणार नाही, म्हणून जरा धीर धरा. रिटायर झाल्यावर मी बेसमेंटमध्ये लाकडी जहाजांच्या प्रतिकृती करायला लागलो हे तुम्हाला ठाऊक आहे ("घरात पाण्याचा टिपूस नाही आणि जहाजं कसली करता" हे तुमचं वाक्य आमच्याकडे बरेच दिवस गाजलं होतं). चार झाली. पाचवं कुठलं करायचं हे मृणालिनीने ठरवलं. म्हणाली, सतराशे छप्पन्न साली आमच्या खाडीत आंग्र्यांचं आरमार ज्या जातीच्या जहाजाने जाळलं, ते करा. मी म्हटलं, अगं, ते इंग्रजांचं. ती म्हणाली, म्हणूनच. तुम्ही वर्गात ही गोष्ट सांगताना फळ्यावर खडू आपटायचात, एक गोळा आंग्र्यांच्या एका जहाजावर पडला, जहाजं एकमेकांना खेटून उभी होती, आणि बघता बघता सगळं आरमार पेटलं, हे सांगताना तुमचा आवाज बसायचा. ती आग बाकावर बसलेल्या तुमच्या त्या धाकट्या बहिणीच्या डोक्यातून साठ वर्षं गेली नाही. ज्याच्यावर आपण जन्मभर राग धरला त्याचं तोंड तरी एकदा बघू दे, असं तिचं म्हणणं.

म्हणून मी नकाशे मागवले आणि कामाला लागलो. ताई, एवढं कुरूप आणि एवढं प्रामाणिक जहाज मी दुसरं पाहिलेलं नाही. त्याच्यावर दोन अवजड उखळी तोफा असतात, तोंड आभाळाकडे केलेल्या. गोळा सरळ जातच नाही, वर चढतो आणि तटाच्या पलीकडे कोसळतो, कुणाच्या डोक्यावर ते सोडणाऱ्यालाही दिसत नाही. तोफांना जागा हवी म्हणून नाळेकडची, म्हणजे सगळ्यांत पुढची, डोलकाठी उभारलेलीच नसते. मधली आणि मागची, एवढ्या दोनच. आमचं गलबत बघायला येणारा प्रत्येकजण मला पहिला प्रश्न हाच विचारायचा, काका, पुढची काठी मोडली का? नाही हो, ते तसंच बांधलेलं असतं. आणि गंमत म्हणजे एवढी मोठी तोफ जागची हलत नाही, नेम धरायचा तर नांगराला दोर बांधून सगळं जहाजच वळवावं लागतं. हे मी मृणालिनीला समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, कळलं, तुमच्यासारखंच आहे, तुम्ही हलायचं नाही आणि घर तुमच्याभोवती वळवायचं. (ह्या जहाजांना इंग्रजीत बॉम्बचं जहाज म्हणतात. मी एकदा कुंपणावरून शेजारच्या बाईंना बेसमेंटमध्ये काय करतोय ते सांगायला गेलो आणि 'बॉम्ब'पर्यंत पोचलो, 'जहाज' यायच्या आत मृणालिनीने मला दंडाला धरून घरात नेलं. तेव्हापासून घरात त्याचं नाव नुसतं 'गलबत'.)

पण खरी कारागिरी आत असते. तोफ उडाली की तिचा दणका मागे जात नाही, थेट खाली जहाजाच्या पोटात जातो. म्हणून तोफेखाली जाड वाशांचा चौथरा थेट तळापर्यंत बांधलेला असतो. मार बसतो शत्रूला, पण प्रत्येक वेळी पहिला दणका जहाज स्वतः खातं. मी जन्मभर पुलांचे खांब डिझाइन केले, मला ह्या चौथऱ्याचं फार कौतुक. मी वासे चिकटवायचो आणि ती दोर बांधायची. माझी बोटं आता थरथरतात, आणि तिची चाळीस वर्षं ऑपरेशन करून तयार झालेली. डोलकाठीवर चढायच्या दोराच्या शिड्या असतात ना, त्यातल्या डाव्या शिडीच्या दोनशे चोवीस गाठी तिने आपल्या जुन्या चिमट्याने मारल्या, एकेक टाका घालावा तशा. उजव्या शिडीच्या आठ झाल्या आणि जुलैत ती अंथरुणाला खिळली. मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. गलबताची पुढची जागा मुळातच रिकामी ठेवलेली असते, त्याला सवय असते. माझं तसं नव्हतं. मला काय करावं ते कळेना. अजून कळत नाही.

अस्थींचा तुमचा वाटा मी चांदीच्या करंड्यात ठेवला होता. तोच, तुमच्या रुखवतातला, तळाला 'शो' कोरलेला, जो तुम्ही तिच्या लग्नात आपल्या हाताने तिला दिलात. आधी तो देवघरात होता. मग अनीशने घर आवरायला माणसं बोलावली, मला भीती वाटली की कुणी कुंकवाचा समजून उघडेल, म्हणून मी तो बेसमेंटमध्ये नेला. आणि सहज मोजून बघितलं तर पुढच्या तोफेखालच्या चौथऱ्यात तो बरोबर बसत होता, जणू माप घेऊन केला होता. जहाजातली सगळ्यांत भक्कम जागा तीच. मी करंडा आत ठेवला, वर तोफ बसवली आणि चिकटवून टाकली. आता तुम्ही म्हणाल, माझी बहीण तुम्ही शत्रूच्या जहाजात बसवलीत. बसवली. मी रोज सकाळी खाली जायचो, तिला काय काय झालं ते सांगायचो आणि वर येऊन तुम्हाला छपराचं कारण सांगायचो.

इथवर सगळं माझ्यापुरतं होतं. पण आजारी पडायच्या आधी ती आमच्या मराठी मंडळाच्या संध्याला शब्द देऊन बसली होती की गणपतीच्या देखाव्याला ह्यांचं जहाज देईन. मागच्या वर्षी आमच्याकडे सुतक, म्हणून मंडळाने विषयही काढला नाही. यंदा ऑगस्टमध्ये संध्या आणि आमचे तरुण अध्यक्ष देवांग पेढे घेऊन घरी आले. यंदाचा देखावा 'मराठ्यांचं आरमार', काका, तुमच्या जहाजाशिवाय कसा होणार? ताई, त्याच क्षणी मी सांगायला हवं होतं की बाबांनो, हे ते जहाज नव्हे, हे ते जाळणारं. पण संध्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, मृणालिनीमावशींची शेवटची इच्छा वगैरे ती म्हणाली, आणि मी हो म्हटलं. करंडा काढून घ्यावा असं एकदा मनात आलं. पण तोफ उचकटायची तर चौथरा फुटला असता. आणि खरं सांगतो, मला वाटलं, राहू दे. एकतीस वर्षांत तिने मंडळाचा एकही गणपती चुकवला नव्हता. शनिवारी स्थापना, रविवारी विसर्जन, दीड दिवसाचा तर प्रश्न. जाऊन येईल.

भाड्याने घेतलेल्या शाळेच्या हॉलमध्ये, शाडूच्या बाप्पांच्या उजव्या हाताला, निळ्या साटिनच्या समुद्रावर आमचं गलबत उभं राहिलं. देवांगने त्याला जरीपटका लावला. धुराचं मशीन लावलं (ते सुरू केल्यावर फायर अलार्म वाजून तीनशे माणसं सोवळ्यासकट पार्किंगमध्ये उभी राहिली, पण ती वेगळी कथा). दुपारपर्यंत सगळे खूश होते. मग सुमंत आले. सुमंत मूळचे नागपूरचे, रिटायर्ड रेडिओलॉजिस्ट, त्यामुळे कुठल्याही गोष्टीच्या आत काय आहे हे बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. त्यांनी मोबाइलचा टॉर्च लावला आणि तोफेच्या तोंडात डोळा घातला. चार बोटं खाली करंडा होता. पाच मिनिटांनी ते ताठ उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले की ही उखळी तोफ आहे, हे मराठ्यांचं गलबत नाही, हे विजयदुर्गला आपलं आरमार जाळणाऱ्यांचं आहे, आणि आपण त्याच्यावर जरीपटका लावलाय. चाळीस वर्षं लोकांची हाडं तपासलेल्या माणसाला करंड्यातली तेवढी नेमकी दिसली नाहीत.

त्यानंतर जे झालं ते तुम्ही बघायला हवं होतं. शाळेच्या कॅफेटेरियात, छोट्या मुलांच्या बुटक्या बाकांवर, गुडघे हनुवटीला लावून तातडीची सभा भरली. मला मधोमध बसवलं होतं. एक गट म्हणाला जहाज ताबडतोब हलवा. दुसरा म्हणाला, इतिहास आहे, लपवायचा कशाला. मग कुणीतरी म्हणालं की त्या मोहिमेत जमिनीवरून पेशव्यांची फौज इंग्रजांबरोबर होती हेही बोर्डावर लिहा, आणि जी जुंपली म्हणता, मसालेभात निवेपर्यंत थांबली नाही. पुणेकर एकीकडे, कोकणातले एकीकडे, आणि नागपूरकर दोघांनाही सांगताहेत की तुमचं दोघांचंही चुकलंय. माझी बाजू मला कुणी विचारली नाही. विचारली असती तर मी काय सांगणार होतो? शेवटी देवांगने तोडगा काढला. बोर्ड बदलायचा: 'शत्रूचे जहाज (पकडून आणलेले)'. सगळ्यांचं समाधान झालं. (पकडून आणलेले म्हणजे कोणी, कधी, हे सुमंतांनी विचारलं, पण तोवर वाढायला घेतलं होतं.)

आणि इथेच माझं नशीब फिरलं. शत्रूचं म्हणून ठेवलं असतं तर कुणी त्याच्याकडे बघितलंही नसतं. पण पकडून आणलेलं म्हटल्यावर ते आपलं झालं. रविवारी सकाळी आधी नीलाकाकूंनी त्याला हळदकुंकू वाहिलं. मग रांगच लागली. कुणी दूर्वा, कुणी जास्वंद, कुणी तोफेच्या तोंडात सुपारी. दुपारपर्यंत गलबत फुलांखाली दिसेनासं झालं. आमचे गुरुजी (सोमवार ते शुक्रवार सॉफ्टवेअर टेस्टिंग करतात, त्यामुळे नियमाला पक्के) उत्तरपूजेला बसले, त्यांनी अक्षता टाकल्या, आणि मुठीतल्या थोड्या जहाजावरही गेल्या. मग त्यांनी मूर्तीबरोबर तेही सरकवलं. झालं. संध्याने विचारलं तर ते म्हणाले, उत्तरपूजेच्या अक्षता पडल्या, निरोप दिला, आता ते माघारी घरी नेता येत नाही. आणि संध्याचं निर्माल्याबाबत फार कडक आहे. दोन वर्षांपूर्वी शाळेच्या सफाईवाल्याने निर्माल्य कचऱ्याच्या ट्रकात टाकलं तेव्हा ती पार्किंगमध्ये बसून रडली होती. तेव्हापासून बाप्पाला वाहिलेली काडीही ती कचऱ्यात जाऊ देत नाही. ह्या सगळ्या वेळात मी गाडी जवळ आणायला पलीकडच्या पार्किंगमध्ये गेलो होतो.

नदीत विसर्जनाची परवानगी इथे मिळत नाही, म्हणून आम्ही मुलांचा फुगवायचा स्विमिंग पूल पार्किंगमध्ये मांडतो, निळा, कडेला बदकांची चित्रं असलेला. ढोल वाजले, लेझीम झाली, बाप्पा त्या बदकांच्या तळ्यात उतरले आणि त्यांच्या मागोमाग आमचं गलबत. ते तरंगलं म्हणे, ताई. दहाएक मिनिटं चांगलं तरंगलं, पुढून थोडं वाकलेलं, पितळी तोफांच्या वजनाने. मी ते जहाज शेल्फवर ठेवायला केलं होतं, साध्या पांढऱ्या गोंदाने चिकटवलेलं, पाण्यात टिकायचं ते कसं? आधी फळ्या सुटल्या, मग डोलकाठ्या आडव्या झाल्या, मग तोफ चौथऱ्यावरून घसरून बुडाली. त्या करंड्याचं झाकण सैल आहे हे तुम्हालाही माहीत असेल. आणि त्या वेळी ती सगळी माणसं, लहानथोर, ज्यांच्या घरी ती बाळंतपणाला धावत गेली होती ती सुद्धा, हात जोडून मोठ्याने काय म्हणत होती ते तुम्ही जाणताच. पुढच्या वर्षी लवकर या.

पुढचंही सांगतो. आमच्याकडे शाडूची माती विरघळली की ते पाणी फेकत नाहीत. प्रत्येकजण घरून दह्याचा रिकामा मोठा डबा आणतो आणि चिखल भरून नेतो, आपल्या झाडांना घालायला. त्रेचाळीस डबे गेले, संध्याने मोजले. आणि इथे प्रत्येकाच्या घरी एक झाड हमखास असतं, कढीलिंबाचं, जे आम्ही थंडीत लेकरासारखं घरात घेतो. नेपरव्हिलमधले निम्मे कढीलिंब मृणालिनीने तुम्ही पाठवलेलं बी रुजवून वाटलेले आहेत. म्हणजे ती गेली कुठे, तर आपल्याच झाडांच्या मुळाशी. पुढच्या उन्हाळ्यात अर्ध्या गावाच्या फोडणीत असेल. मी हे कुणाला सांगितलेलं नाही, अनीशलाही नाही. हे वाचून तुम्हाला राग आला असेल तर तो रास्त आहे. हसू आलं असेल तर तेही तिला चाललं असतं. मला दोन्ही आलं, आणि मग मी गाडीत बसून बराच वेळ रडलो.

तळाशी सापडलेल्या वस्तू संध्याने धुऊन एका टेबलावर मांडल्या होत्या: एक चष्मा, दोन नाणी, कुणाचं तरी पैंजण आणि तुमचा करंडा. माझा आहे म्हटलं तर ती म्हणाली, काका, काहीतरी खूण सांगा, आत्ताच दोघींनी एकाच पैंजणावर हक्क सांगितला. मी म्हटलं, तळाला 'शो' कोरलंय. तिने उलटा करून बघितला आणि मला दिला. फळ्या, तोफा आणि काठ्या तिने आइस्क्रीमच्या बादलीत भरून दिल्या. सगळं सुटलं होतं, पण डावी शिडी जशीच्या तशी. दोनशे चोवीस गाठी. उजवीच्या त्या आठही शाबूत. दोर भिजला की गाठ आणखी घट्ट होते.

करंडा सोबतच्या पार्सलमध्ये आहे. रिकामा आहे. खाडीवर घेऊन जायचा असेल तर न्या, आणि थोडं पाणी भरून घरी आणा, किंवा मला जे बोलायचं ते बोला. तुमचं मागणं साधं होतं आणि ते मला पुरं करता आलं नाही. माफ करा असं लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. माफ करा. मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीआधी करून घ्या, पुढे ढकलू नका, पुढे ढकलण्यातला तज्ज्ञ म्हणून सांगतोय.

तुमचा,
गुरुनाथ

ता. क. कढीलिंबाचं ताजं बी अमितबरोबर पाठवू नका. एअरपोर्टवर झाडाचं काही आणू देत नाहीत, आणि तो पोरगा खोटं बोलताना लाल होतो.

ता. क. २. वर एक गोष्ट खोटी लिहिली आहे. फाडून पुन्हा लिहिणार होतो, पण तुम्ही ती पकडलीच असेल. मी गाडी आणायला गेलो नव्हतो. मी त्या बदकांच्या तळ्यापासून दोन हातांवर उभा होतो. संध्याने गलबत उचललं आणि ती माझ्याकडे आली, तिचे डोळे भरले होते, म्हणाली, काका, गुरुजी असं म्हणताहेत, पण तुमची एवढी मेहनत, तुम्ही नाही म्हणालात तर मी गुरुजींशी भांडेन. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. मी म्हटलं, गुरुजी म्हणतात तसं कर. तेरा महिने माझ्या हातून जे होत नव्हतं ते दुसऱ्या कुणाच्या तरी हातून होत होतं, आणि मी होऊ दिलं. बाकीच्यांबरोबर मीही ओरडलो, ताई. फरक इतकाच की मी बाप्पाला म्हणत नव्हतो.

ता. क. ३. हे पत्र खरं तर एवढ्याचसाठी आहे. तुम्ही दर रविवारी फोन करत होता तो अस्थींसाठी, हे मला कळतं. आणि मी जी थंडीची आणि छपराची कारणं देत होतो, त्यातलं एक कारण मी कधी सांगितलं नाही. तुम्हाला 'आणल्या' म्हटलं असतं तर मग आपल्यात बोलायला उरलं काय असतं? साडेआठला ह्या घरात दुसरं काही वाजत नाही. आता अस्थींचा प्रश्न संपला. म्हणून मी त्या बादलीतल्या फळ्या वाळवल्या आहेत आणि गलबत पुन्हा बांधायला घेतलंय, तेच, पुढची डोलकाठी नसलेलं. डावी शिडी तयार आहे, उजवीच्या दोनशे सोळा गाठी बाकी आहेत आणि माझी बोटं थरथरतात, तेव्हा बरीच वर्षं लागतील. तुम्ही रविवारी दिवा लावून झाला की फोन करा आणि विचारा, गुरुनाथराव, गलबत झालं का? मी पहिल्या रिंगला उचलीन आणि सांगेन, नाही अजून.